नटाच्या भिंतीला आलेले पोपडे

ती. ताईंना,

बोटीच्या डोलण्यासकट नमस्कार.

लग्नानंतर चौथ्याच दिवशी तुम्ही मला म्हणाला होतात, "याला कुणाच्या घरी नेलंस तर भिंतीपासून लांब बसव." मी नवी नवरी, नुसतीच हसले. त्याचा अर्थ काल कळला, तोही परक्या बंदरात, एका मोठ्या नटाच्या बंगल्यापाशी.

तुमचा गुडघा कसा आहे? शेकता ना? आम्ही दोघं ठणठणीत आहोत (ह्यांना पहिले दोन दिवस बोट लागली, ते म्हणतात, फक्त भूक नव्हती). रंगाच्या कंपनीने सर्वात जास्त डबे खपवणाऱ्यांना ही सफर दिली, त्यामुळे अख्ख्या बोटीवर रंगारी आणि त्यांच्या बायका. संध्याकाळी डेकवर माणसं समुद्राकडे पाठ करून कठड्याचा रंग नखाने खरवडत असतात.

काल बंदरावर सहा तास मिळाले, म्हणून मी हट्टाने 'ताऱ्यांची घरं' दाखवणाऱ्या बसची तिकिटं काढली. पहिल्या तीन घरांची फाटकंच दिसली. गाइड बाई भक्तिभावाने सांगत होती की या खिडकीमागे अमुक नटी चहा पिते. चौथ्या घरी फोटोसाठी दहा मिनिटं उतरवलं. सगळे फाटकाकडे धावले आणि हे बाजूच्या गल्लीत गेले. मी पोचेपर्यंत ह्यांनी बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून, कान लावून, एक पोपडा उचकटलेलासुद्धा होता! रखवालदाराने दंड धरला. मी माफी मागते आहे आणि हे त्यालाच विचारताहेत, "आत मोरी आहे का?"

तेवढ्यात बाजूचं दार उघडून एक बाई आल्या. चष्मा कपाळावर, हातात निवडायची भाजी. नटाची थोरली बहीण. ह्यांनी नमस्कारही न करता सांगितलं की भिंत ओली असतानाच रंगवली आहे, पुन्हा कितीही हात मारले तरी टिकणार नाही. बाईंनी मान वळवून आत हाक दिली, "ऐकलंस का रे? मी काय सांगत होते?" आणि अर्ध्या गालाला साबण फासलेला, बनियनमधला तो नट दारात आला (पोट आहे हो चांगलंच). "हो, हो. तूच शहाणी," म्हणाला.

ताई, ह्यांनी त्याला झापलं! "मोठी बहीण सांगते ते ऐकायचं असतं. ती उगाच नाही सांगत." रखवालदाराने दंड सोडला. मग हे तो पोपडा हातात घेऊन नुसते उभे राहिले. बस निघून गेली. बंदरापर्यंत चालत आलो. वाटेत ह्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "तो बंगला मी महिनाभर वाळू द्यायला हवा होता." कुठला बंगला ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही थांब म्हणालात, त्यावरूनच ह्यांचं "माझ्या धंद्यात लक्ष घालू नकोस" हे वाक्य निघालं, तुम्ही पिशवी भरलीत, आणि अडीच वर्षं तुम्हा बहीणभावांच्या मधे मी पोस्टमन झाले आहे.

बाकी सर्व क्षेम. बोटीवर आइसक्रीम कितीही घ्या, कोणी विचारत नाही.

तुमची भावजय

ता. क. : हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. (ते समोरच बसलेत आणि मी कुणाला लिहितेय हे तीनदा विचारून झालंय.)

ता. क. २ : आइसक्रीम वगैरे ठीक आहे, पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. ताई, घरी राहायला या. तुम्ही नाही म्हणाल, मला ठाऊक आहे. तर ते 'नाही' या वेळी माझ्या नावे पाठवू नका. ह्यांच्या नावे पाठवा, तुमच्या अक्षरात.