हयातीपुरता नवरा

२ जून, मंगळवार

आठ तबकं बटाटे! मयताचे बटाटे — चीज, मलई, वरून कुस्करलेले कॉर्नफ्लेक्स. आज ब्रदर ऑलरेडला पुरलं. जिवंतपणी त्याने कोणाला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि मेल्यावर त्याच्या नावाने सगळ्या गावाला मी जेवू घालायचं. चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष ना मी!

त्याच्या बायकोला, सिस्टर आर्डिथला, काही केल्या रडू येईना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "कशाला काळजी करतेस? तुमची मंदिरातली गाठ आहे, कायमची. वर वाटच बघत असेल तो." तिचा चेहरा असा काही पडला! मला हसू आवरेना. वळून काकड्या चिरायला घेतल्या.

रात्रीच्या जेवणाआधी व्हर्ल भांडी पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "लाव्हॉन, वर गेल्यावर तू कोणाची?"

आलं! दर मयतानंतर हे येतं. नियम त्याला तोंडपाठ आहे. आमच्या चर्चच्या मंदिरात लग्नाची गाठ बांधली की ती मेल्यावरही सुटत नाही. माझी ती गाठ रुलॉनशी, पहिल्या नवऱ्याशी. वीस वर्षांची होते मी, आणि चार महिन्यांत रुलॉनवर ट्रॅक्टर उलटला. मग व्हर्लशी लग्न केलं, पण ते हयातीपुरतं. जिवंत बाईची कायमची गाठ एकाशीच. जॅनेल, शौना, ब्राइस — तिघं व्हर्लचीच, नाकं बघा हवं तर, पण वर ती रुलॉनची मुलं. आता मी मेल्यावर मुलांनी मनावर घेतलं तर माझी गाठ व्हर्लशीही बांधता येते. मग वर दोघं उभे राहणार आणि मी निवडणार.

"कोणाला निवडशील?" व्हर्ल.

"तो मोठा डबा दे," मी म्हटलं. "बटाटे उरलेत."

दिला बिचाऱ्याने. झाकणासकट.

५ जून, शुक्रवार

रुलॉनचा फोटो पुसला. पियानोवर असतो, व्हर्लच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर. पियानो दोनदा हलवला, खुर्ची दोनदा बदलली. फोटो समोरच!

७ जून, रविवार

उपासाचा रविवार. चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं. सिस्टर ओपल नेहमीप्रमाणे मांजरीच्या ऑपरेशनवर बोलली आणि रडली. मध्येच सगळं शांत असताना व्हर्लचं पोट गुरगुरलं. पुढच्या बाकावरची पोरं फिस्सकन हसली. मी त्याला चिमटा काढला.

गाडीत म्हटलं, "रुलॉनचं पोट कधी वाजलं नाही हो."

खरं तर आठवत नाही. पण नसेल वाजत.

नातवंडांसाठी म्हणून लिहिते त्या रोजनिशीत आजच्या तारखेला 'सभेत फार प्रसन्न वाटले' असं लिहिलंय. तिच्यात सगळी देवमाणसं आहेत. ही वही माझी.

१० जून, बुधवार

मंडळीच्या गोदामात सेवा. गरजूंसाठी वाळवलेले बटाटे डब्यात भरायचे. डोक्याला जाळी, हातात मोजे, सगळ्या बायका उकडलेल्या कोबीसारख्या दिसत होत्या. व्हर्लने दिवसभर पोती उचलली, वर माझ्या वाटणीचीही.

बिशप — पोरगाच तो, रविवारच्या वर्गात मी त्याला 'येशूचे बारा शिष्य' घोकायला लावलेत — सगळ्यांसमोर म्हणाला, "व्हर्लकाकांसारखा माणूस नाही आपल्यात."

म्हटलं, "घेऊन जा. तसाही मला उसनाच मिळालाय."

सगळे हसले. व्हर्लही हसला. जरा उशिरा.

१३ जून, शनिवार

कोल्बीला आठ पूर्ण झाली म्हणून आज त्याचा बाप्तिस्मा. जॅनेलचा थोरला तो. पांढऱ्या कपड्यात कुंडात उभा राहिला आणि थरथरायला लागला. त्याच्या बापाने धरून बुडवला. साक्षीदार दोन, त्यांतला एक व्हर्ल. पोरगं पूर्ण पाण्याखाली गेलं की नाही एवढं त्यांनी बघायचं. कोल्बी वर आला, जॅनेलने डोळे पुसले, पियानोवाली सुरू करणार, एवढ्यात व्हर्लचा आवाज —

"अंगठा वर राहिला."

पायाचा अंगठा! दोन्हीकडचे नातेवाईक, बिशप, सगळे बघतायत, आणि ह्याला अंगठा दिसला. पोराला पुन्हा बुडवावं लागलं. नाकातोंडात पाणी जाऊन रडला.

घरी येताना मी म्हटलं, "डोळेझाक करता आली नाही का रे? मेला एक अंगठा!"

"साक्षीदार होतो ना," म्हणाला. "नाही बघितलं ते बघितलं कसं म्हणू?"

खोटं म्हणून बोलता येत नाही ह्याला. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे शिक्षा आहे.

१६ जून, मंगळवार

शनिवारी शौनाचं लग्न, मंदिरात. तिथेही दोन साक्षीदार लागतात. रीत अशी की मुलाचे वडील आणि मुलीचे वडील. मी शौनाला फोन केला आणि सांगितलं, तुझ्या बाजूने लामारकाका बसतील. लामार म्हणजे रुलॉनचा भाऊ.

"आई! का? बाबा आहेत की!"

"कायमची गाठ बांधायची जागा आहे ती. तिथे तुझा बाप रुलॉन. त्याच्या रक्ताचं कोणीतरी नको?"

"मी रुलॉनला बघितलंसुद्धा नाही. बाबांना विचारलंस?"

"त्यांनीच सुचवलं," मी म्हटलं. सरळ ठोकून दिलं.

मग व्हर्लला नाश्त्याला सांगितलं. ओटची लापशी ढवळत होता, माझ्या वाटीत बेदाणे वेचून घालत होता. ढवळायचा थांबला. मी वाट बघत होते — एकदा तरी ओरडेल, वाटी आपटेल. आपटली असती तर मी कदाचित ऐकलंही असतं.

"बरं," म्हणाला.

असा राग आला मला! बेदाणे काढून बाजूला ठेवले.

२० जून, शनिवार

लग्न झालं.

मंदिरातल्या गाठ बांधायच्या खोलीत समोरासमोर दोन आरसे असतात. कायमचं म्हणजे काय ते कळावं म्हणून. बघावं तिकडे आपणच, संपतच नाही. सगळे पांढऱ्या कपड्यांत. लामार साक्षीदाराच्या खुर्चीत, कानातलं यंत्र शिट्टी मारतंय, अर्धा वेळ डोळे मिटलेले. अंगठा काय, अख्खी नवरी वर राहिली असती तरी ह्याला दिसलं नसतं! व्हर्ल शेवटच्या खुर्चीत, दाराजवळ, हात गुडघ्यांवर.

मी आरशात बघून मनातल्या मनात शेजारी रुलॉनला उभा करू लागले. दर वेळी करते. आज उभाच राहीना. फोटोतला चेहरा यायचा, तो पण चौकटीसकट. आणि माझ्या खांद्यामागे व्हर्ल, त्याच्यामागे व्हर्ल, त्याच्यामागे आणखी बारीक व्हर्ल, सगळ्यांचे हात गुडघ्यांवर. इथेच लिहिते, कुठे सांगणार नाही — मला त्या क्षणी तो तिथे पुढे, साक्षीदाराच्या खुर्चीत हवा होता. मागे वळून बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

बाहेर शौना त्याच्या गळ्यात पडली. सोडेचना. "बाबा, खरंच तुम्ही सुचवलंत?"

मी दोन पावलांवर. हातातली फुलं घट्ट धरली.

"हो गं," म्हणाला. "लामारला बरं वाटेल म्हटलं."

पायाचा अंगठा न सोडणारा माणूस!

संध्याकाळी चर्चच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये स्वागत. बास्केटला जाळीचं कापड आणि गुलाब बांधले होते, तरी ते बास्केटच दिसत होतं. हिरवी जेली, गाजर घातलेली, मीच केली होती. व्हर्लने सगळ्यांना सरबत वाटलं. लोक त्याला 'नवरीचे वडील' म्हणत होते. आज मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

२३ जून, मंगळवार

आर्डिथ ऑलरेडचं गवत कापायला व्हर्लला पाठवलं. मंडळातर्फे. आल्यावर विचारलं, "कशी आहे विधवा?"

"पिवळा झगा घातला होता. तिने बिशपला सांगितलंय, माझी गाठ सोडवून द्या म्हणून."

"कोणाशी?"

"ऑलरेडशीच. म्हणते, इथलं सोसलं. आता वर गेल्यावर तरी तो नको."

"वेडी आहे!" मी म्हटलं. "नवरा मेल्यावर असं कोणी मागतं का? पोराला घाम फुटला असेल बिशपला."

व्हर्ल हात धूत राहिला. भुवयांत गवत अडकलं होतं. बराच वेळ धुतले हात.

"मागता येतं, हे मला माहीत नव्हतं," म्हणाला.

२५ जून, गुरुवार

लामार अजून इथेच! सकाळपासून खातोय. मी सहज विचारलं, "रुलॉनचा आवाज कसा होता रे?"

"अगदी माझ्यासारखा," म्हणाला, आणि खाकरला. ते खाकरणं बाहेरच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं असेल. "फोनवर आईसुद्धा फसायची."

म्हणजे हा आवाज! कायमचा!

मी पियानोपाशी जाऊन फोटोकडे नीट बघितलं. बावीस वर्षांचा पोर. जेमतेम ब्राइसएवढा वाटतो, शर्टाचं वरचं बटण उघडं. मी एकोणसाठची. वर गेल्यावर हा मला ओळखणार तरी कसा? आणि काय बोलणार आम्ही? चार महिन्यांत तो काय बोलला त्यातलं मला एवढंच आठवतं — 'मीठ कमी आहे.'

२८ जून, रविवार

ब्राइसचा निरोप. दोन वर्षं ब्राझीलमध्ये धर्मप्रचार करणार माझं पोर. बाही लांब पडलेला सूट, मानेवर वस्तरा लागलेला. भाषण लिहून आणलं होतं, ते तसंच खिशात राहिलं. म्हणाला, "मला देव कसा असतो ते पुस्तकातून कळलं नाही. आमचे बाबा हिवाळ्यात पहाटे उठून आईची गाडी गरम करून ठेवतात. आईने कधी आभार मानलेले मी ऐकले नाहीत. बाबांनी कधी वाट बघितलेली पण दिसली नाही. देव तसा असावा."

सगळी सभा माझ्याकडे वळली. हसत हसत! त्यांना वाटलं, पोरगं गंमत करतंय. मीही हसले. गालाचे स्नायू दुखेपर्यंत.

आणि व्हर्ल? डोळे पुसत होता, दोन्ही मुठींनी, लहान पोरासारखा. त्याचा टाय वाकडा झालेला. मी तो सरळ केला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. तो दचकला. मारायला हात उचलला असं वाटलं की काय त्याला!

घरी साठ माणसं जेवली. हॅमचे पाव संपले. लामार गेला एकदाचा.

२९ जून, सोमवार

ठरलं. उद्या सांगते.

पियानोवरचा फोटो काढून कपाटात ठेवला, चादरींखाली. व्हर्लच्या लक्षात आलं नाही, का आलं आणि बोलला नाही, देव जाणे. उद्या सकाळी तो बटाट्याच्या शेतात पाण्याचे पाइप हलवायला जाईल तेव्हा मागून जाणार आणि म्हणणार, "तुला रे, मूर्खा! तुलाच निवडणार!" सदतीस वर्षं अडवून धरलेलं उत्तर. त्याचं तोंड बघायचंय मला! रडेलच. रडू दे. नंतर ओव्हनमध्ये रुबार्बची आंबटगोड पाई भाजते, त्याच्या आवडीची. उद्या कुठला झगा घालायचा ते तीनदा ठरवून झालं. लग्नाच्या मुलीसारखं काय हे!

३० जून, मंगळवार

सांगितलं.

त्याने हातातला पाइप खाली ठेवला. टोपी काढली. "लाव्हॉन," म्हणाला, अगदी हळू, दुखू नये अशा बेताने, "मी रविवारी मुलांना सांगून ठेवलंय. आपण दोघं गेल्यावर आपली गाठ बांधू नका म्हणून. हयातीपुरतं निभावलं गं. कायमचं नाही झेपणार मला."

मुलं काय म्हणाली, विचारलं.

"बरं म्हणाली," तो म्हणाला. "का, ते एकानेही विचारलं नाही." मग म्हणाला, "ते टोक धर जरा." मी धरलं.