पाइपातला फुगा

दिघाशी, ता. भिवंडी
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादूस,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण वाल खुडायला तीच पुढे. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून तुझ्याबरोबर कामाला असलेल्या लडकूच्या हाती वळ गावी हे पत्र पाठवते आहे. तुम्ही गोदामात उभारता ते रॅक आता छताला टेकतात, असं तो सांगत होता. एवढ्या उंच रॅकखालची फरशी केसभरही खालीवर चालत नाही म्हणे. मला ऐकून बरं वाटलं, आणि जरा टोचलंही.

बातमी अशी की वाडीतल्या शेडचा कोबा मी सपाट केला. हो, मीच! वर्षभर तो पेरूच्या बाजूला दोन इंच खाली होता. आईची अवजारं, बियाण्यांचे डबे अजून ओट्यावरच. आधी सगळा पृष्ठभाग छिन्नीने टोचून खडबडीत केला, नाहीतर नवा थर जुन्याला धरत नाही. चार दिवस हाताला फोड. बाबा ओट्यावरून म्हणायचे, “बीएस्सी झाली नि छिन्नी मारतं. हौसा, पोरीला हलद लाव.” आई म्हणायची, “लावतंय. तुमी खाली उतरा नि घमेला उचला.”

शेवटी उतरले. चारी कोपऱ्यांची पातळी काढायची होती, म्हणून पाणी भरलेल्या पारदर्शक पाइपाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. खूण मारण्याआधी त्यांनी विचारलं, “फुगा हाय का गो?”

दादूस, अगदी हेच तूही विचारलं होतंस. पहिल्या कोब्याच्या वेळी, माझा निकाल लागला त्या दिवशी. पाइपात हवेचा चार बोटांचा फुगा होता, म्हणजे पातळी चुकणारच. मला दिसला होता. पण पाणी काढून पुन्हा भरायला वेळ गेला असता, आणि मैत्रिणी फोटोला थांबल्या होत्या. मी म्हणाले, “न्हाय, मार खूण.” तू मारलीस. माझ्यावर विश्वास ठेवून.

रविवारी माझ्या पदवीच्या पूजेला बायकांनी त्या कोब्यावर भांडी घासली आणि सगळं पाणी पेरूखाली साचलं. पाहुण्यांदेखत बाबा तुला बोलले, “बहीन पदवी घेऊन आली, नि याला वीतभर जमीन सपाट करता येत न्हाय.” मी पेढ्यांचा डबा घेऊन तिथेच उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी डब्याचं झाकण लावत राहिले.

आठवड्याने तू घर सोडून गेलास. खरं बोलावं, मुलांना तेच शिकवावं, अशी भाषणं मी त्याच वर्षी शाळेत बाई म्हणून ठोकली.

या वेळी मी बाबांना सांगितलं. “आता न्हाय. पण त्या येळी होता. दादूसनी इचारलेलं, मी खोटं बोललू.”

पाइपातलं पाणी वरखाली होत राहिलं. मग बाबा म्हणाले, “पानी हालतंय. हात थीर कर.” दादूस, माझा हात स्थिर होता.

मग आम्ही पाइप रिकामा करून पुन्हा भरला, चारी खुणा दोनदा तपासल्या आणि माल ओतला. आता रोज पहाटे बाबाच उठून कोब्यावर पसरलेल्या गोणपाटांवर पाणी मारतात. परवा तांब्याभर पाणी मधोमध ओतून उकिडवे बसले. पाणी चहूकडे सारखं पसरलं. कोबा उत्तम झालाय, हे मी छातीठोकपणे सांगते.

पण त्यावर शेडचे खांब बसवायला ते तयार नाहीत. मिस्त्री बघू म्हटलं तर खेकसले, “मिस्त्री कशाला? घरचा रॅकवाला हाय ना? त्याला इचार, सुट्टी कदी हाय.”

मी विचारते आहे. तुझं ते लाल रेघेचं यंत्रही आण आणि माझी पातळी तपास. चुकली असेल तर या वेळी सगळ्यांदेखत मला बोल.

पाइपाचं दुसरं टोक धरून उभी असलेली,
तुझी भाविका