गयाबाईचे केस

गंगाखेड
६ जुलै २०२५

आद. कुसुमवहिनींस बबिताचा जय भीम. वि. वि.

'सप्रेम' लिहायचं विसरले नाही, मुद्दामच लिहिलं नाही. फोन न करता पत्र पाठवायचं कारणही तेच. मे महिन्यात तुम्ही माझं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलंत आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलंत. बावीस माणसांनी ऐकलं. आता जे काही बोलायचं ते कागदावर. कुणाला ऐकवायचंच झालं तर तुम्हाला बसून वाचून दाखवावं लागेल.

विषय तुमच्या मुलीचा आहे. धम्मशीला अकरावीला माझ्याकडं आली, आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षं तिला मी भाची म्हणून नाही, पोटची म्हणून सांभाळली. मला मूल नाही हे तुम्हाला माहीत आहे, चारचौघींत तुम्ही ते सांगताही. तर या पोरीनं महिनाभरापासून केसांना सीरम लावणं बंद केलं आहे. शाम्पू, कंडिशनर, सगळ्या बाटल्या फिरवून मागची बारीक अक्षरं वाचते आणि ज्या नावाच्या शेवटी 'कोन' येतं ते सिलिकॉन म्हणून बाजूला काढते. तिचं म्हणणं असं की त्याचा केसांवर थर बसतो आणि खालचा केस खरा कसा आहे ते कळतच नाही. हेच तिनं परवा माझ्या पार्लरमध्ये, वाफ घ्यायला बसलेल्या दोघींना समजावून सांगितलं. त्यातली एक उठून गेली.

बरं, थर काढून निघालं काय? केस राठ, हाताला करकरीत, बोटं अडकतात. सकाळी उठली की डोकं एवढं फुगलेलं असतं की ओढणी बसत नाही. ही काउंटरवर बसणार आणि तिच्या डोक्यावर माझी पाटी, मऊ रेशमी केसांसाठी भेटा म्हणून. आणि तुम्ही चटणीला पाठवलेलं दोन किलो जवस? चटणी एकदाच झाली. बाकीचं ती उकळते, माझ्या चांगल्या ओढणीतून गाळते आणि तो बुळबुळीत रस डोक्याला थापते. हे खूळ तुमच्याकडूनच आलं असणार.

तिला समजवा, नाहीतर मी माझ्या पद्धतीनं समजावेन. पंडितदादाला जय भीम सांगा. लोभ किती ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

बबिता


चुडावा
१३ जुलै २०२५

सौ. बबिताताईंस कुसुमचा जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर त्यात तुम्ही मला जे जे बोललात ते ऐकून ग्रुपवर कुणालाच नवल वाटलं नाही, तेव्हा तो विषय संपला.

जवस मी चटणीलाच पाठवलं होतं. पण तुमच्या बाटल्यांपेक्षा ते बरं, निदान शेतातून आलेलं आहे. पोरगी तुमच्याकडं पाठवली तेव्हा दोन घट्ट वेण्या होत्या, तेल लावलेल्या. पहिल्याच दिवाळीला घरी आली तर केस सरळसोट आणि चकचकीत, हात लावला की हात घसरावा असे. मला विचारलं होतं का तुम्ही? आईला न विचारता पोरीच्या डोक्यावर तापलेलं मशीन फिरवलंत, वर लय भारी दिसतंय म्हणून फोटो पाठवलात. आता तिनं स्वतःच्या अकलेनं ते सगळं उतरवलं तर मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला हसले.

तिचा फोन आला होता. सुरुवातीला असंच होतं म्हणे, चार-सहा आठवडे केस रुसल्यासारखे वागतात, मग वळणावर येतात. तेवढा दम तिला आहे. तुम्हाला नसेल तर सांगा. गिऱ्हाइकांसमोर तिच्या डोक्यावरून एक शब्द जरी बोललात तर नाव काढून तिला पूर्ण्याच्या कॉलेजात घालीन. चुडाव्याहून पूर्णा रेल्वेनं किती लांब आहे? मग तुमचं घर तुम्हाला मोकळं. ते घर संध्याकाळी कसं वाटतं ते तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं, म्हणून आठवण दिली.

मी वयानं मोठी, आशीर्वाद द्यायला हवा. आज मन होत नाही.

कुसुम


गंगाखेड
३ ऑगस्ट २०२५

आद. वहिनींस जय भीम. वि. वि.

तुम्ही हसलात ते बरं केलंत, आता पाळी माझी आहे.

तुमची मुलगी हट्टी. टॉवेल सोडला, जुन्या सुती बनियननं केस नुसते दाबून पाणी काढते. कोरड्या केसांना कंगवा लावत नाही. आठवड्यातून दोनदाच धुते आणि ओल्यातच तो जवसाचा रस लावून तशीच वाळवते. मी रोज टोमणे मारले, तेही सांगून टाकते. परवा बुधवारी ती मागच्या ओट्यावर केस वाळवत पाठमोरी बसली होती. मी भाकरी टाकत होते. सहज मान वळवली आणि तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही. ओट्यावर आई बसली होती. आमची आई, गयाबाई. तीच वेटोळी, मानेजवळ बाहेर पळणारी तीच एक बट. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मी तिथंच खाली बसून रडले. आमच्या ह्यांना वाटलं मला भाजलं, ते पाणी घेऊन धावले.

चार वर्षं मी माझ्याच आईचे केस मशीननं सपाट करत होते. याची मला लाज वाटते आणि ती मी तुमच्यापुढं कबूल करते, कारण तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. तिच्यापुरतं मशीन माळ्यावर टाकलं. पोरगी आमच्या घरची आहे हे आता तिच्या डोक्यावर लिहिलेलं आहे. तुमच्या माहेरचे केस सुतासारखे सरळ. त्यातला एकही तिनं घेतला नाही.

फक्त विंचरायला फार जड जातं. दोन कंगव्यांचे दात मोडले. ते जमेल हळूहळू. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, पाठवते तिला. डोळे भरून बघा आणि मग पूर्ण्याच्या कॉलेजच्या गोष्टी करा.

लोभ आमच्याकडून आहे तेवढा आहे.

बबिता


चुडावा
१८ ऑगस्ट २०२५

सौ. बबिताताईंस जय भीम. वि. वि.

बघितले केस.

शुक्रवारी ती रुमाल बांधून आली, प्रवासात गुंता होतो म्हणून. शनिवारी सकाळी डोकं धुऊन न्हाणीच्या दारात उभी राहिली, केस ओले, मोकळे. मी तांदूळ निवडत होते. मान वर केली आणि माझा हात आपोआप पदर डोक्यावर ओढायला गेला. मांडीवरचं ताट सांडलं. मी उठून उभी राहिले, मान खाली घालून, स्वतःच्या पोरीपुढं. एक्कावन्न वर्षांची बाई. तिला वाटलं मी गंमत करते, ती हसायला लागली.

लहानपणी तिच्या केसांना नुसता बाक होता. तेल चोपडून वेण्या घातल्या की तोही दिसत नसे. तुमच्या मशीनखाली त्याचं असं कधी झालं ते मला कळलंच नाही.

तुम्हाला ओट्यावर आई दिसली. मला कोण दिसलं ते ऐका. मी एकोणीस वर्षांची लग्न होऊन आले. दर रविवारी तुमच्या आईचे केस धुऊन विंचरायचं काम माझं. ती मरेपर्यंत एकवीस वर्षं केलं. ती ओसरीवर बसायची, मी मागं गुडघ्यांवर. विंचरून झालं की फणीत अडकलेले तुटके केस जमिनीवर मांडायचे आणि नऊ वर्षांच्या बबिताताईंनी ते मोजायचे. जितके केस तितके फणीचे फटके, माझ्या मनगटावर. तुम्ही दारात बसून मोठ्यानं मोजायचात. तुमचे पंडितदादा घरात असले की चप्पल घालून रुळाकडं निघून जायचे. मनगटाचं हाड अजून थंडीत दुखतं, रेकॉर्डिंग मात्र त्याचं कुणी केलेलं नाही.

म्हणून सांगते, माळ्यावरचं मशीन खाली काढा. तुमचं सीरम लावा, सिलिकॉन लावा, काय थर द्यायचा तो द्या. मीच नको म्हणत होते, आता मीच सांगते. दसऱ्याला ती घरी येईल तेव्हा केस सरळ पाहिजेत. नाहीतर तिला तिथून काढते, वर्ष वाया गेलं तरी चालेल. मला माझी पोरगी बघायची आहे, तुमची आई नाही.

डोक्याला हात लावणार नाही असं मी तिला तोंडावर सांगितलं. ती रडली. मी पण रडले, पण न्हाणीची कडी लावून.

लोभाची गोष्ट या पत्रात नको.

कुसुम


गंगाखेड
३१ ऑगस्ट २०२५

आद. वहिनी, जय भीम. वि. वि.

तुमच्या पत्राला मी तीनदा उत्तर लिहिलं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहिताना काही वाटत नाही का, आई कडक होती पण मनानं वाईट नव्हती, त्या काळच्या सासवा तशाच असायच्या, असं सगळं. तिन्ही वेळेला फाडलं. ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मी मोजत होते. आणि बरोबर मोजत नव्हते. पाच केस असले की नऊ म्हणायचे. आई खूश व्हायची, जवळ ओढायची, गुळाचा खडा द्यायची. तुम्हाला हे माहीत नाही, कुणालाच नाही, मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. गुळासाठी करायचे असं लिहिणार होते, पण तेही पुरतं खरं नाही. तुमचे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते. नळावर बायका वळून बघायच्या. माझ्या डोक्यावर चार काड्या, ना आईसारख्या ना तुमच्यासारख्या. तुमचा राग यायचा आणि तो काढायला मला तेवढी एकच जागा होती.

माफी मागत नाही. मागितली आणि तुम्ही दिली नाही तर मला सहन होणार नाही.

मशीन मात्र काढणार नाही. आईसाठी नाही, तुम्हाला चिडवायला नाही, पोरीनं नको म्हटलं आहे म्हणून. तुमच्याकडून आल्यापासून तिनं डोक्याकडं बघणंच सोडलं. मानेमागं केसांचा गठ्ठा झाला आहे. शेजारीण म्हणते ही जट आहे, कापू नका. आपल्यात असलं मानत नाहीत, पण मी सोडवायला घेतला की केस तुटून हातात येतात. चौदा वर्षं पार्लर चालवते, मला केस सपाट करता येतात, कापता येतात, रंगवता येतात, असे केस विंचरता येत नाहीत. गुरुवारी ती माझी कात्री घेऊन आरशापुढं बसली होती. म्हणाली, आईला बघवत नाही आणि तुला सोडवता येत नाही, मग ठेवू कुणासाठी. कात्री मी काढून घेतली.

तिला शनिवारी पाठवते. हे काम तुम्हालाच येतं, आणि का येतं ते मला माहीत आहे. हात लावायचा नसेल तर तुमच्या हातानं कापा, माझ्याच्यानं होणार नाही. त्यानंतर तिला तिथंच ठेवून घेतलंत तरी मी एका शब्दानं विचारणार नाही. कसं राहायचं या घरात ते बघीन माझं मी.

बबिता


चुडावा
८ सप्टेंबर २०२५

बबितास जय भीम. वि. वि.

तू म्हणते आहे. नऊ वर्षांच्या पोरीला अहो म्हणायला लावलं होतं मला या घरात. बत्तीस वर्षं म्हटलं, आता पुरे.

काल सकाळी तिला ओट्यावर बसवलं, मी मागं बसले. पहिल्यांदा जमलं नाही. आत जाऊन पाणी प्याले, उगाच चार कांदे चिरून ठेवले. बाहेर आले तर पोरगी तशीच बसलेली, मान खाली घालून. मग हात लावला. तुझ्या कामाचं आहे म्हणून सांगते. असे केस कोरडे असताना फणीला हात लावायचा नाही. पुरते ओले हवेत, आणि तो जवसाचा रस कंजूषपणा न करता घ्यायचा. आमच्या वेळी हे नव्हतं, मी नुसत्या पाण्यावर केलं, जवसानं फार सोपं जातं. आधी बोटं, मग रुंद फणी, शेंड्याकडून सुरू करून वर वर जायचं, आणि वरची बट दुसऱ्या मुठीत धरून ठेवायची म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. अडीच तास लागले. गठ्ठा सुटला. कात्री लागली नाही.

हे तुला कुठून येतं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, सगळं, तुझ्या नावासकट. तुझं पत्रही वाचायला दिलं. ग्रुपवर टाकलं तसंच हे केलं असं तुला वाटेल, वाटू दे. वाचून झाल्यावर ती माझं मनगट हातात घेऊन बसली होती. दुखायचं का, असं तिनं विचारलं. या घरातल्या कुणी मला आजवर ते विचारलं नव्हतं.

आज सकाळच्या गाडीनं ती निघाली आहे, परीक्षा आहे म्हणून, स्वतःहून. पत्र तिच्याच हाती देते. तुझ्याशी बोलेल की नाही ते मी विचारलं नाही. पूर्ण्याच्या कॉलेजचं मी सोडलं. दर शनिवारी ती इकडं येईल आणि तिचं डोकं मी बघीन, तू हात लावू नकोस. समोरून बघायला मला अजून जड जातं, ते माझं मला निस्तरू दे.

तुझ्या पत्रात एक चूक आहे. मला माहीत नव्हतं असं तू लिहिलंस. मी सातवी पास होते, बबिता, आणि ते केस माझ्याच हातानं जमिनीवर मांडलेले असायचे. पाच की नऊ ते मला तुझ्या आधी कळायचं. मी तोंड उघडलं असतं तर खोटं बोलली म्हणून तीच फणी तुझ्या पाठीवर बसली असती. तुझी पाठ केवढीशी होती. म्हणून तू नऊ म्हटलंस की मी नऊ वेळा हात पुढं करायची.

तुला क्षमा केली असं समजू नकोस. तुझ्या ह्यांना, सिद्धोधन भाऊजींना, जय भीम.

कुसुम