वाकायचं नाही

बुधवार, २४ नोव्हेंबर २०१०
पनवेल

खुब्याच्या ऑपरेशनला आज सोळा दिवस झाले. "काकू, सहा आठवडे वाकायचं नाही," असं फिजिओथेरपीची मुलगी रोज बजावते.

दुपारी हे औषधं आणायला गेले आणि मी संडासात अडकले. वॉकर दारापलीकडे सरकला होता. जरा वाकले असते तर हाताला लागला असता. पण वाकायचं नाही. अर्धा तास कमोडवर बसून हाका मारत राहिले.

शेवटी मागच्या दाराने मासळीवाली हिराबाई आत आली. वीस वर्षं मी तिला पायरीवरच उभी करते.

"बाय, लाजू नको. मी हाय ना," म्हणाली. तिने मला धुतलं, उठवलं, साडी नीट केली आणि पलंगापर्यंत आणलं. मला रडूही आलं नाही.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. हे नको म्हणत असताना ऑपरेशनचा हट्ट माझाच. आता कुठल्या तोंडाने बोलू?

जाताना हिराबाईने विचारलं होतं, "उद्या येऊ?"

उद्या गुरुवार. गुरुवारी आम्ही मासे घेत नाही, हे तिला माहीत आहे. मी हो म्हटलं.