तुझं ब्लँकेट आणि आईचं गाणं

प्रिय धाकटे डोलिना, थोरल्या मर्डिनाचे ओंजळभर आशीर्वाद. कॅनडातलं बर्फ वितळलं का? तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत, पण चर्चच्या चढावर येत नाहीत म्हणतात. तुझ्या घरच्यांना नमस्कार.

पहिली बातमी, माझं डोकं शाबूत आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना डोळे पुसत बसशील.

आपली शीना (माझी नात गं, तू पाहिलीस तेव्हा दुपट्यात होती) बेटाच्या इतिहास मंडळात लागलीय. म्हाताऱ्यांच्या आठवणी टेप करायच्या, हे तिचं काम. नॉर्मन म्हाताऱ्याने तिला आपली बोट बुडाल्याची गोष्ट तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा वेगळ्या बोटीतून बुडाला. मग आली माझ्याकडे. "आजी, पणजीचं ते कापड बडवायचं गाणं म्हण. आता बेटावर फक्त तुलाच येतं." मी धुतलेला एप्रन बांधला, घसा खाकरला, दोन ओळी म्हटल्या, आणि पुढे कोरी पाटी! परत म्हटलं, परत तिथेच अडलं. आपली आत्या आठवते ना, शेवटी स्वतःच्या मेंढ्यांना ओळखेना? झालं, म्हटलं, मीही त्याच वाटेने निघाले, आणि आईचं गाणंही माझ्याबरोबर चाललं. त्यात शीना इतक्या गोड आवाजात "राहू दे गं आजी" म्हणाली, की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शेजारची एफी अंड्यांचं भांडं परत करायला आली (रिकामं, नेहमीसारखं). माझं तोंड बघून म्हणाली, "अगं शहाणे, रिकाम्या हातांनी ते गाणं कुणी म्हणतं का? तुझी आई कधी खुर्चीत बसून गायली होती?"

खरंच की! आई गायची ती फक्त मागावरून उतरलेल्या ओल्या कापडावर, ते आटून घट्ट व्हावं म्हणून टेबलावर आपटता आपटता. पण हल्ली घरात विणलेलं कापड आणायचं कुठून? माझ्या अंगावरसुद्धा नायलॉन. मग मला पेटी आठवली, तू कॅनडाहून पाठवलेलं हाती विणलेलं लोकरीचं ब्लँकेट जपून ठेवलेली. डोलिना, उभी असशील तर जरा बस.

तुझं ब्लँकेट गरम साबणाच्या पाण्यात भिजवलं. (पूर्वी रात्रीच्या भांड्यात साठवलेल्या ज्या पाण्यात भिजवायचे, त्याचं नाव कागदावर लिहवत नाही. नॉर्मनने मोठ्या मनाने मदत देऊ केली होती. त्याला आणि त्याच्या कुत्र्याला दाराबाहेर घालवलं, या कामात पुरुष नकोच.) टेबलाशी मी, एफी, तिची ग्लासगोची सून आणि शीना. सून तर अशी बडवत होती, जणू कापडात एफीच गुंडाळलीय. सूर्य फिरतो तसं कापड हातोहात फिरायला लागलं आणि अडलेली ओळ आपसूक बाहेर पडली! मग दुसरी, मग तिसरी, गाण्यातला वल्ही मारणारा तो पोरगा, किनाऱ्यावरची ती, तिचे दुष्ट भाऊ, सगळे आले. आपण पोरी खोलीत शिरलो की आई गिळून टाकायची ते कडवंसुद्धा आलं! एफी लाजून बीटासारखी लाल. शीना रडत होती, हसत होती आणि बडवतही होती. अगं, गाणं कधी डोक्यात नव्हतंच, हातात होतं. इतकं हलकं वाटलं मला, की एफीला आणखी अंडी दिली.

तुझी,
मर्डिना

ता. क. ब्लँकेटचं विचारशीलच. छान घट्ट झालंय, वारा म्हणून शिरत नाही. मांजराला अगदी मापात बसतं.

आणखी एक ता. क. टेपमध्ये ऐन त्या चावट कडव्यावर दाराबाहेर नॉर्मनचा कुत्रा रडलाय. शीना म्हणते, पुन्हा एकदा म्हणा. पण एका कापडावर एक गाणं दोनदा म्हणायचं नाही, हा आईचा नियम माझ्याने मोडवत नाही. तेव्हा दुसरं ब्लँकेट लागेल, मोठं बघ. टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. टेबलाशी माझ्या डावीकडची तुझी जागा रिकामी होती, कापड दर फेरीला तिथे येऊन अडत होतं.