चेंडू कोपऱ्यात जातो याबाबत

प्रति,
मा. बालशिक्षण अधिकारी,
बालशिक्षण विभाग,
दुसरा मजला, साहित्य भांडाराच्या वर.

विषय : खेळवर्गाच्या जमिनीला आलेला उतार हे शैक्षणिक साधन नसून धोका आहे असे मानून, सोमवारचे प्रात्यक्षिक त्या खोलीत न घेण्याबाबत.

संदर्भ : (१) याच विषयावरील माझे आधीचे सर्व अर्ज.
(२) त्यांच्या उत्तरादाखल आलेले आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

१. मी खेळवर्गाची शिक्षिका. शाळेत जाण्याच्या वयाची न झालेली मुले माझ्याकडे असतात. आरंभीच नमूद करते की, खेळातून शिक्षण या पद्धतीला माझा विरोध नाही. मूल ठोकळे रचताना जे शिकते ते त्याला मांडी घालून बसवून शिकवता येत नाही, हे मी पालकांशी वाद घालून घालून घसा बसेपर्यंत सांगितले आहे. "बाई नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत" हे वाक्य ज्यात ऐकावे लागले नाही अशी पालकसभा मला आठवत नाही. तेव्हा सदर तक्रार म्हणजे जुन्या वळणाच्या बाईची कुरकुर आहे, असा समज कृपया करून घेऊ नये.

२. खोली तळमजल्यावर, इमारतीच्या मागील अंगास आहे. दार एक, खिडक्या दोन, दोन्हींना लोखंडी गज. दारालगत बाहुलीघर, खिडकीकडे ठोकळ्यांची जागा, मधोमध गोष्टीला बसण्याची सतरंजी. मोठ्या सुट्टीनंतर वर्ग उघडला तेव्हापासून ठोकळ्यांचे मनोरे एकाच बाजूला कलून पडू लागले. मुलांनी रडारड केली नाही. त्यांनी खालच्या ठोकळ्याखाली कागदाची घडी सारली आणि काम चालू ठेवले. पुढे त्यांच्या असे लक्षात आले की, चेंडू खोलीत कुठेही ठेवला तरी आपण होऊन निघतो आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. याचा त्यांनी खेळ केला. खेळाचे नाव "चेंडू घरी गेला". चेंडू सोडायचा, श्वास रोखायचा आणि तो कोपऱ्याला लागला की सगळ्यांनी मिळून ओरडायचे. मीही पहिल्या दिवशी ओरडले. दुसऱ्या दिवशी मात्र मी अर्ज केला.

३. त्या अर्जावरून पर्यवेक्षिका मॅडम तपासणीस आल्या. कोपऱ्यात जमीन आणि भिंत यांच्यामध्ये पडलेली भेग मी त्यांना दाखवली. माझी लाकडी पट्टी त्या भेगेत उभी शिरते, तेही करून दाखवले. परंतु तेवढ्यात मुलांनी चेंडू सोडला. मॅडम खाली बसल्या. टाळ्या वाजवू लागल्या. माझ्या अर्जावर त्यांनी शेरा मारला तो असा : "उतार, दिशा व वेग या संकल्पनांचा मुलांनी घेतलेला सहजशोध. अत्यंत अनुकरणीय." मी पुन्हा भेगेकडे बोट केले, तेव्हा त्या प्रेमाने म्हणाल्या, "बाई, तुम्हाला तुमच्याच कामाची किंमत कळत नाही." त्या मनाने वाईट नाहीत, हे मी येथे मुद्दाम लिहिते. त्यांना खेळात शिक्षण दिसते. एवढेच की, त्यांना खेळात दुसरे काहीच दिसत नाही.

४. त्यानंतर आपले अभिनंदनपत्र आले. मी आभार मानून दुरुस्तीची मागणी पुन्हा केली. बांधकाम शाखेने कळवले की, सदर उताराची नोंद साहित्य नोंदवहीत "शैक्षणिक साधन, स्थिर, एक नग" अशी झालेली असल्याने तो काढून टाकणे म्हणजे शासकीय साधनाची नासधूस ठरेल. शिक्षण शाखेने साधन निकामी झाल्याचा दाखला द्यावा. शिक्षण शाखेने कळवले की, साधन उत्तम चालत आहे. मी दोन्हीकडे खेटे घातले. पालथ्या घड्यावर पाणी.

५. दरम्यान मुलांनी ती भेग स्वतःच बुजवायला घेतली होती. मातकामाची सगळी माती त्यांनी भेगेत दाबून भरली. सकाळी येऊन पाहते तो माती नाही. "भिंतीने खाल्ली," असे मुलांचे मत पडले. मग तिला भरवण्याचा खेळ सुरू झाला. मणी, खडूचे तुकडे, बाहुलीघरातली पळी. मी ओरडेपर्यंत बरेच काही आत गेले होते. यात मला काय खटकले ते लिहिते. एवढ्या वस्तू आत टाकल्या, पण एकही खाली पडल्याचा आवाज आला नाही. मुले तर त्या आवाजासाठीच टाकत होती.

६. वर्गाचा लौकिक वाढला. इतर खेळवर्गांच्या शिक्षिका चेंडू पाहायला येऊ लागल्या, आणि येत्या सोमवारी पाहुण्यांपुढे चेंडूचे प्रात्यक्षिक ठरले. पालक, जे पूर्वी नाक मुरडत, ते प्रवेशासाठी रांग लावू लागले, आणि आपल्या कार्यालयाने कुणालाही नाही म्हटले नाही. खोली तीच, मुले वाढत गेली. पर्यवेक्षिका मॅडमनी स्वतःच्या मुलीचेही नाव आमच्याकडे घातले. तिला आम्ही चिंगी म्हणतो. महोदय, मला हे कौतुक नको आहे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली आहे.

७. आता जे लिहिणार आहे त्याला माझ्याकडे मोजमाप नाही. मी इंजिनियर नाही. मला फक्त मुले वाचता येतात. लहान मुलाला जे बोलून सांगता येत नाही ते ते खेळून सांगते, हे आपल्याच प्रशिक्षणात मला शिकवले गेले. त्या आधारे पुढील दोन गोष्टी सादर करते.

चिंगी सतरंजीवर कान टेकून पडून राहते. आधी वाटले, झोपाळू आहे. विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, जमीन पाणी पितेय." त्यानंतर ती रोज ऐकते आणि रोज सांगते. कधी "आज हळू पितेय", तर कधी "आज गटागटा". मदतनीस मावशींनी आणि मीही कान लावून पाहिला. आम्हाला काही ऐकू आले नाही. पण आम्ही दोघी उठलो तेव्हा सतरंजीला टेकलेला आमचा गाल ओला होता. हे मी मॅडमना सांगितले. स्वतःच्या मुलीचे कौतुक कोणाला नसते? त्यांनी "श्रवणविकास : उत्कृष्ट" असे नोंदवले.

दुसरी गोष्ट बाहुलीघराची. भातुकलीत मुले एरवी स्वयंपाक करतात, बाळाला जोजवतात, बाबा झालेला मुलगा उगाच सगळ्यांवर ओरडतो. हल्ली चूल मांडली जात नाही. खेळ सुरू झाला की आई झालेली मुलगी म्हणते, "चला, बाळाला उचला, भांडी राहू देत." मग सगळे पायांचा आवाज न करता एकामागून एक दाराबाहेर जातात आणि अंगणात हात धरून उभे राहतात. हा खेळ त्यांना कुणी शिकवलेला नाही. पुढे काय होते, असे मी विचारले. मुले दाराकडे पाहू लागली. मॅडमनी याची नोंद "शिस्त व सहकार्य" या सदरात केली.

८. आज शुक्रवार. सकाळी मुलांनी चेंडू सोडला. तो कोपऱ्यात गेला नाही. थोडा हलला, आणि गोष्टीला बसतो त्या सतरंजीच्या मधोमध येऊन थांबला. पुन्हा सोडला, तसेच झाले. दाराजवळून सोडला तरी मध्येच येऊन थांबला. कुणी ओरडले नाही. शेवटी एकाने मला समजावल्यासारखे सांगितले, "बाई, चेंडूनं घर बदललं."

मॅडम सोमवारच्या तयारीसाठी आलेल्याच होत्या. त्या घाबरल्या, पण कशासाठी, तर प्रात्यक्षिकासाठी. चेंडू कोपऱ्यात गेला नाही तर पाहुण्यांना दाखवायचे काय? त्यांनी आपणांस दूरध्वनी केला. आपण दिलेला उपाय त्यांनी मला सांगितला तो असा, की भांडारातील लोखंडी कपाटे आणून त्या कोपऱ्यात ठेवावीत, म्हणजे वजनाने उतार पूर्ववत होईल. याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. हे वाक्य अर्जात शोभत नाही, याची मला कल्पना आहे. तरी ते खोडत नाही.

९. मी मुलांना बाहेर काढले. सांगावे लागले नाही. "चला" म्हणताच ती हात धरून निघाली, त्यांचा सराव झालेलाच होता. खोलीला कुलूप लावले. मावशी घरोघर निरोप धाडत आहेत. अंगणाच्या पायरीवर बसून सदर अर्ज लिहीत आहे. माझ्या मागण्या अशा :
(अ) सोमवारचे प्रात्यक्षिक अंगणात अथवा अन्यत्र घ्यावे, किंवा घेऊच नये.
(आ) जमिनीखाली काय आहे याची तपासणी होईपर्यंत खोली बंद ठेवावी.
(इ) कपाटे पाठवू नयेत.
आज्ञा मोडल्याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

१०. अर्ज येथे संपवणार होते. परंतु वरील मजकूर लिहून होतो न होतो तोच आपली हातगाडी कपाटे घेऊन आली. किल्ली द्यायला मी नकार दिला. मॅडमकडे दुसरी किल्ली होती. मी दारात आडवी उभी राहिले, तर त्या म्हणाल्या, "अहो बाई, मुलं नाहीत ना आता आत? मग झालं तर!" हे खरे होते. मी बाजूला झाले.

हमालांनी पहिले कपाट कोपऱ्यात नेऊन ठेवले व ते दुसरे आणायला बाहेर आले. मॅडम आतच थांबल्या, चेंडू सोडून पाहायला. तेवढ्यात जड पेटी ओढल्यासारखा आवाज झाला आणि दार आपोआप लागले. ते आता उघडत नाही. चौकट तिरकी झाली असून दाराखाली एका बाजूला हात जाईल एवढी फट पडली आहे. खिडकीतून सतरंजीच्या पुढचे काही दिसत नाही. हमालांनी दाराला खांदा लावला, तेव्हा आतून मॅडम ओरडल्या, "नका, नका, हलतंय!" तेव्हापासून कुणी दाराला हात लावलेला नाही.

११. अग्निशमन दलाला मी दूरध्वनी केला. ते निघाले आहेत. त्यांनी विचारले, खोलीखाली काय आहे? टाकी, विहीर, जुना नळ? ते कळल्याखेरीज माणूस आत उतरवता येणार नाही आणि भिंतही फोडता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. इमारतीचा मूळ नकाशा आपल्या कार्यालयात आहे. म्हणून परिच्छेद ९ मधील सर्व मागण्या मी मागे घेते. आता मागणी एकच : हा कागद घेऊन आलेल्या हमालाच्या हाती नकाशा द्यावा. आवक क्रमांक नंतर घालावा. सही नंतर घ्यावी. कपाट उघडायला ज्याच्याकडे किल्ली आहे तो जेवायला गेला असेल तर कपाट फोडावे.

१२. मॅडम मघापर्यंत आतून बोलत होत्या. "बाई, इथं गार लागतंय," म्हणाल्या. नंतर, "चिंगी सांगायची ते ऐकू येतंय," असेही म्हणाल्या. आता हाकेला ओ देत नाहीत. मी हाक मारली, हमालांनी मारली, चिंगीने मारली. मावशींनी चिंगीला कडेवर घट्ट धरले आहे, तरी ती दाराकडे झेपावते आणि "आई, आई" करते. मला फार भीती वाटते आहे, महोदय.

नियमानुसार अर्ज पर्यवेक्षिकांच्या शेऱ्यासह यावयास हवा. म्हणून हा शेवटचा कागद मी दाराखालच्या फटीतून आत सारत आहे. शेरा मिळाला तर अर्ज पूर्ण होईल. त्या आहेत, हेही कळेल.

उत्तराची नव्हे, नकाशाची वाट पाहणारी,

(सही)
खेळवर्ग शिक्षिका
शुक्रवार, अंगणातून.

सोबत : काही जोडलेले नाही.

पर्यवेक्षिकेचा शेरा (खडूने) :
शिफारस आहे. तातडीचे समजावे. कोपऱ्यातले कपाट आता तिथे नाही. मी दाराशी बसले आहे, ठीक आहे. चिंगीला फाटकाबाहेर न्या. तिच्या हाका मला ऐकू येतात. मी ओ दिली तर ती धावत दाराशी येईल, म्हणून देत नाही.