नळ बंद करून स्पॅनिश बोल

ठमे,

तुझ्या शाळेने चक्क आळशीपणा केलाय. मुलांचं स्पॅनिश बोलणं ऐकायचं काम शिक्षकांचं. ते त्यांनी मोबाइलमधल्या ॲपवर ढकललं, आणि ॲप देईल ते मार्क डोळे मिटून प्रगतिपुस्तकात चढवले. तू अडखळतेस, शब्द यायला जरा वेळ लागतो. ते ॲप तेवढंही थांबत नाही, ‘चूक’ म्हणून मोकळं होतं.

आणि तू काय गं! रोज नळ सोडून बाथरूममध्ये कुजबुजायचीस. मला वाटलं, कुणा पोराशी गुलुगुलु चाललंय. काल दाराला कान लावला, तर एकच स्पॅनिश वाक्य पुन्हा पुन्हा. आधी हायसं वाटलं. मग राग आला, पण तुझा नाही.

आज लाँड्रीत कामाला जायच्या आधी शाळेत गेले. तुझ्या स्पॅनिशच्या बाई म्हणाल्या, “नियम सगळ्यांना सारखा.” मी म्हटलं, “मग मी घड्याळ लावते. तुम्ही बोला, अडखळलात की नापास.” हसल्या नाहीत, पण बसायला खुर्ची दिली. शेवटी कबूल झाल्या. उद्या मधल्या सुट्टीत तुझा गृहपाठ त्या स्वतः ऐकतील, घाई न करता. मागचे मार्कही बदलतील. सुटले बाई एकदाची!

भाजी गॅसवर आहे, गरम करून जेव.

पण उद्या तिथे बोलायचंय तुला, मला नाही. जाशील ना? उत्तर या चिठ्ठीवर लिहून ठेवू नकोस. मी घरी आले की तोंडाने सांग. कितीही वेळ लागू दे, मी थांबते.

आई